हाडांची दुरुस्ती (लेखांक ६) : तेरा सर्जन आणि एक कारागीर

मागच्या आठवड्यात आपण प्लास्टरपाशी थांबलो होतो. प्लास्टरमध्ये हाड जुळतं, पण महिनोन्‌महिने जखडलेला गुडघा आखडतो, स्नायू वाळतात. हाड सांधलं आणि पाय मात्र निकामी, अशी गत व्हायची. पट्टी आणि स्क्रूने हाड बांधण्याचे प्रयोग एकोणिसाव्या शतकापासून चालू होते. पण धातू गंजायचा, स्क्रू सैल व्हायचे, जखम चिघळायची. बहुतेक सर्जनांनी तो नाद सोडून दिला होता.

स्वित्झर्लंडच्या मॉरिस म्युलर यांनी सोडला नाही. १९५० मध्ये ते ब्रसेल्सला रोबेर दानिस यांची शस्त्रक्रिया पाहून आले. दानिस मोडलेली टोकं एकमेकांवर घट्ट दाबून पट्टीने बांधत आणि रुग्णाला लवकरच सांधा हलवू देत. कल्पना पटली, पण अवजारं कोण बनवणार? १९५८ मध्ये म्युलर यांना बेटलाख गावचे रॉबर्ट माथिस भेटले. छोटासा कारखाना, स्टेनलेस स्टीलवर हात बसलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात बील शहरात १३ सर्जनांनी ‘एओ’ हा अभ्यासगट स्थापन केला. पुढे धातूचा प्रश्न सोडवायला श्ट्राउमान संस्था आली. तिची ख्याती घड्याळाच्या स्प्रिंगच्या मिश्रधातूंसाठी!

सर्जन आणि कारखानदार एकत्र बसले की काय होतं, ते १९६९ च्या पट्टीत दिसतं. त्याआधी टोकं दाबायला पट्टीच्या शेवटी एक वेगळं यंत्र अडकवावं लागे आणि त्यासाठी जखम आणखी लांब चिरावी लागे. नव्या पट्टीने हे काम भोकावर सोपवलं. भोक गोल नाही, लांबट. एका बाजूला आत उतार. त्या उताराच्या वरच्या अंगाला स्क्रू घातला की त्याचं गोल डोकं आवळताना घसरगुंडीवरून उतरावं तसं खाली सरकतं. सरकताना स्क्रू बसलेला हाडाचा तुकडा फटीकडे ढकलला जातो आणि फट मिटते. एका भोकामागे हाड जेमतेम एक मिलिमीटर सरकतं. तेवढं पुरतं.

माझ्या मते मात्र त्याहून हुशार होती पैशांची मांडणी. १९६० मध्ये ‘सिंथेस’ नावाची कंपनी काढून सर्जनांनी आपल्या रचनांचे हक्क तिच्या नावे केले. कारखाने तिला रॉयल्टी देत आणि तो पैसा दाव्होसच्या प्रयोगशाळेकडे, रुग्णांच्या नोंदी ठेवण्याकडे, प्रशिक्षणाकडे जाई. सर्जनच्या खिशात काही पडत नसे. नवं अवजार आलं की सर्जनांची समिती ते पारखे, मगच ते बाजारात जाई. विकणारा एक आणि पारखणारा दुसरा, हे अंतर राखलेलं होतं.

अंतर मिटलं की काय होतं, तेही याच नावाच्या इतिहासात आहे. अमेरिकेत सिंथेसच्या ‘नोरियन’ या उपकंपनीने हाडात भरायचं एक सिमेंट मणक्याच्या अशा शस्त्रक्रियांत वापरायला लावलं, ज्यांसाठी त्याला मंजुरी नव्हती. रीतसर चाचणी टाळून सर्जनांकरवी बाजार आजमावला. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तीन रुग्ण दगावले. २०११ मध्ये चार अधिकाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी जॉन्सन अँड जॉन्सनने सिंथेस विकत घेतली, सुमारे २० अब्ज डॉलरना.

आपल्याकडे ‘प्लेट टाकली’ एवढंच घरी कळतं. कोणत्या कंपनीची, हे कुणी विचारत नाही. पट्टी-स्क्रूच्या पाकिटावर कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर असतं; ते रुग्णाच्या कागदपत्रांत लावतात. डिस्चार्ज घेताना त्याची प्रत मागून घ्या आणि एक्स-रेसोबत जपून ठेवा. सगळ्या स्क्रूंच्या डोक्याची खाच सारखी नसते. काही वर्षांनी पट्टी काढायची वेळ आली, तर त्याच मापाचा पेचकस आधी मागवून ठेवता येतो.