उसाचे बिल, घरची भांडी आणि गावची कुस्ती



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आठ-पंधरा दिवसांत वाड्यावस्त्यांवर टेम्पो फिरू लागतात. भोंगा चालू असतो, 'जुने पितळ द्या, नवा सेट घ्या!' आम्ही शेतकी खात्याची माणसे ऊस नोंदीला, लागणी बघायला रोजच फिरतो, त्यामुळे कोणाच्या ओसरीवर काय मांडले आहे ते न बघताही दिसते. तेव्हा या अंकात खत आणि खोडवा जरा बाजूला ठेवून स्वयंपाकघरात शिरावे म्हणतो. भगिनींनी हसू नये.

बेणे घेताना आपण काय करतो? 86032 आहे असे कोणी सांगितले म्हणून डोळे मिटून गाडी भरत नाही. प्लॉट बघतो, वय विचारतो, नऊ ते अकरा महिन्यांचेच आहे ना याची खात्री करतो, कांडीवरचा डोळा तपासतो. आणि कुकर घेताना? रंग बघतो, आणि त्याबरोबर फुकट काय मिळते ते विचारतो.

मागच्या हंगामात एका वस्तीवर आम्ही गेलो तेव्हा टेम्पोवाला ओसरीवरच बसला होता. पुढ्यात दोन पितळी घागरी, तांब्याचा हंडा आणि एक मोठी परात. बदल्यात पाच नगांचा नॉन-स्टिक सेट. सासूबाई खांबाला टेकून गप्प होत्या. आम्ही म्हटले, "वहिनी, परात तरी राहू द्या." त्या लगेच म्हणाल्या, "साहेब, चिंच लावून तुम्ही घासता का?" यावर आम्हांला उत्तर नव्हते. पितळ घासणाऱ्याचे मनगट घासणाऱ्यालाच ठाऊक. पण टेम्पोवाल्याने वजन डोळ्यांनीच धरले होते, काटा लावलाच नव्हता. आम्ही एवढेच सुचविले की तालुक्याच्या मोडवाल्याकडे आजचा भाव विचारा, घरच्या काट्यावर वजन करा आणि मग काय ते ठरवा. दुसऱ्या दिवशी गळकी घागर तेवढी मोडीत गेली. हंडा, परात आणि दुसरी घागर अजून घरात आहेत.

इथे मुद्दा जुन्याच्या प्रेमाचा नाही. तांब्या-पितळेला मोड येते. तीस वर्षे वापरून विकले तरी वजनाला पैसे मिळतात. नॉन-स्टिकचा थर गेला की त्या तव्याला भंगारवालाही नाक मुरडतो. तो तवा वाईट असे आमचे म्हणणे नाही. घावन, आंबोळी सुटायला सोपी, तेलही कमी लागते. मात्र तो रिकामा तापत ठेवू नये. अडीचशे अंशांच्या पुढे गेल्यावर तो थर बिघडू लागतो. लोखंडी उलथनेही त्याला चालत नाही. भाकरीला आपला बिडाचा किंवा लोखंडी तवाच बरा. बिडाचा तवा पहिल्यांदा चिकटतो, पण तेल लावून चार-सहा वेळा तापवला की पुढे पिढीभर बघायला नको.

पितळेचे भांडे वापरात ठेवायचे तर कल्हई हवी. ताक, चिंच, आमसूल असे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात कळकतात, म्हणजेच तांब्याचा अंश त्यांत उतरतो. असे अन्न पोटात जाऊ देऊ नये. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथील 232 अंशांना वितळते, म्हणून कल्हईचे पातेलेही चुलीवर कोरडे ठेवू नये. कल्हईवाले आता कमी झाले हे खरेच. पण चार घरांनी मिळून बोलावले तर माणूस येतो.

स्टीलबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. लोहचुंबक चिकटला नाही की स्टील अस्सल, असे दुकानदारही ठासून सांगतो. चांगल्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, हे बरोबर. पण निकेल कमी करून मँगेनीज घातलेल्या स्वस्त स्टीललाही तो चिकटत नाही! तेव्हा चुंबकापेक्षा तळाची जाडी बघा, वजन बघा आणि पावती घ्या. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात दूध तापवा, आमटी-सार ठेवू नका.

कुकरच्या बाबतीत मात्र तडजोड नको. 2021 पासून घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह कायद्याने सक्तीचे आहे. चिन्हाखाली परवान्याचा नंबरही असतो. तो नसेल तर टेम्पोवरून, जत्रेतून किंवा मोबाईलवरून कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे वापरावेत. दहा रुपये वाचविण्यासाठी व्हॉल्व्हच्या भोकात भलतेच काही ठोकलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आता थोडे करमणुकीचे. घरात मोठा टीव्ही घ्यायला बिलातले पैसे निघतात, पण यात्रा कमिटी कुस्तीच्या मैदानाची वर्गणी मागायला आली की आपला हात आखडतो. कोल्हापूरला शाहू महाराजांनी बांधलेले खासबाग मैदान 1912 चे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली होती आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी तर राहते घर गहाण टाकले होते. बैलगाडा शर्यतींवर 2014 साली बंदी आली आणि 2021 च्या डिसेंबरात ती उठली. तेवढ्यात शर्यतीचे बैल कित्येकांनी विकून टाकले होते. तालमीचेही तसेच आहे. हौद चार वर्षे खणला नाही की माती दगड होते, आणि गावातला वस्तादही दुसरीकडे जातो.

मैदानाला पैसे लागतात कशाला, असे काही सभासद विचारतात. माती लागते, तेल, हळद, ताक, लिंबू लागते, हलगीवाल्याची बिदागी असते, बाहेरगावच्या पैलवानांचा येण्याजाण्याचा खर्च असतो. वरच्या जोडीच्या इनामाबद्दल तर बोलायलाच नको. पण आम्हांला स्वतःला दुपारच्या पहिल्या कुस्त्याच जास्त आवडतात, रेवड्यांवरच्या. परवाच्या यात्रेत ऊसतोडीच्या कोप्यांवरची पोरेही लंगोट लावून उतरली होती. त्यांतला एक, आठ-नऊ वर्षांचा, आमच्या गावच्या दोघांना चितपट करून रेवड्यांचा पुडा तोंडात धरूनच तिसऱ्याला हात द्यायला उभा राहिला.