पात्राचा भूतकाळ : एका नव्या खेळाच्या निमित्ताने

पात्र वाचकासमोर येते त्या क्षणाच्या पूर्वीही ते जगलेले असते, असा एक मूक करार लेखक आणि वाचक यांच्यात असतो. कादंबरीकार हा पूर्वीचा काळ हवा तेव्हा, हवा तेवढा उलगडतो. नाटककाराला ती सवड नसते. त्याला पात्राचा भूतकाळ चालू संवादातच विरघळवावा लागतो. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र समान आहे. पूर्ववृत्त रचणारा आणि त्याची फळे ठरविणारा हे दोघे एकच असतात. गेल्या अर्धशतकात पुढे आलेल्या एका खेळाने नेमकी हीच एकता मोडली आहे, आणि त्यामुळे पूर्ववृत्ताचे कार्य काय, हा समीक्षेचा जुना प्रश्न नव्याने उभा केला आहे.

हा खेळ म्हणजे मेजाभोवती बसून खेळावयाचा अद्भुतकथात्मक भूमिकाखेळ. चार-पाच खेळाडू एकत्र बसतात. प्रत्येकजण एक पात्र धारण करतो आणि त्या पात्राची कृती व उक्ती तोंडाने सांगतो. एकजण सूत्रधार होतो. भोवतीचे जग, तेथील इतर माणसे आणि संकटे तो सांभाळतो. कृती सफळ झाली की नाही, हे फासे ठरवितात. संहिता नसते आणि प्रेक्षकही नसतात. खेळणारे तेच ऐकणारे. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा अशा महानगरी वस्तीतील तरुणांपर्यंत हा खेळ आता पोहोचला आहे. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक खेळाडूने आपल्या पात्राचे पूर्ववृत्त लिहून सूत्रधाराच्या हाती द्यावे, अशी रीत त्यात रूढ आहे.

ही रीत आरंभापासूनची नव्हे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याची मुळे सेनाव्यूहांच्या खेळात होती. तीन फासे सहा वेळा टाकून बळ, बुद्धी इत्यादी सहा गुणांचे आकडे निघत. तेवढ्यावर पात्र उभे राही. ते पहिल्याच भुयारात मरण्याचा संभव मोठा असल्यामुळे त्याला भूतकाळ देण्याचे प्रयोजन नव्हते. जे वाचे, त्याचा इतिहास खेळातूनच साठत जाई. 1977 च्या ‘ट्रॅव्हलर’ ह्या खेळाने वेगळी वाट धरली. त्यात पात्राच्या पूर्वीच्या नोकरीची चार-चार वर्षांची सत्रे फाशांवर ठरत, आणि खेळ सुरू होण्यापूर्वीच, पूर्ववृत्त घडत असताना, पात्र मरूही शके. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या आवृत्तीत पात्राच्या पार्श्वभूमीबरोबर त्याचा स्वभावविशेष, ध्येय, बंध आणि दोष यांची नोंद करण्याची सोय आली. आकड्यांच्या शेजारी माणसाला जागा मिळाली ती अशी, क्रमाक्रमाने.

जागा मिळताच तिचा दुरुपयोगही सुरू झाला. नवखा खेळाडू पुष्कळदा पूर्ववृत्ताऐवजी कुलवृत्तान्त लिहितो. आजोबांचे राज्य, वडिलांचा पराक्रम, बालपणीचा नरसंहार, गुरूचा वध आणि शेवटी घेतलेला सूड, हे सारे त्यात येते. असे दहा पानी टिपण कितीही सुरस असले तरी खेळाच्या कामाचे नसते, कारण त्यातील प्रत्येक गोष्ट संपलेली असते. सूड घेऊन झाला, शत्रू मेला, शोक ओसरला; आता ह्या पात्राने पुढे करावयाचे काय? लांबी हा येथे खरा दोष नाही. भूतकाळाने वर्तमानाकडे काही मागू नये, हा दोष आहे.

पूर्ववृत्त काय मागू शकते, ह्याचा भारतीय परंपरेतील सर्वांत मोठा वस्तुपाठ कर्णाचा आहे. ब्राह्मण असल्याचे भासवून तो परशुरामाकडून अस्त्रविद्या मिळवितो, आणि ऐन प्रसंगी ती आठवणार नाही असा शाप घेऊन परततो. एका ब्राह्मणाची होमधेनू त्याच्या हातून चुकून मारली जाते, तेव्हा युद्धात रथाचे चाक भूमी गिळील असा दुसरा शाप मिळतो. इंद्राला कवचकुंडले देऊन तो एकदाच वापरता येईल अशी शक्ती पत्करतो. अर्जुनावाचून कोणाही पांडवाला मारणार नाही, असे वचन कुंतीला देतो. ह्यांतील एकही गोष्ट घडून संपलेली नाही. प्रत्येकीवर पुढची एक तारीख घातलेली आहे. हे पूर्ववृत्त सावकाराच्या वहीसारखे आहे. त्यात जमेपेक्षा देणे महत्त्वाचे.

त्याहून सूक्ष्म विशेष हा की, हा भूतकाळ सर्वांना सारखा ठाऊक नाही. शस्त्रपरीक्षेच्या रंगणात कृप कुळ विचारतो तेव्हा कर्णाला उत्तर देता येत नाही. कुंतीला उत्तर ठाऊक आहे आणि ती मूर्च्छित पडते. कर्णाला स्वतःला ते उद्योगपर्वात कळते, पांडवांना युद्ध सरल्यावर. पूर्ववृत्ताचे नाट्य घटनेत जेवढे असते, तेवढेच ते ज्ञानाच्या वाटणीत असते. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये हीच कथा कर्णाबरोबर इतर पात्रांच्याही मुखांतून सांगितली जाते, ती रचना ह्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

मौखिक उत्स्फूर्ततेचा प्रश्न निघाला की मराठी वाचकाला कोकणातील दशावतार आठवणे स्वाभाविक आहे. तेथेही लिखित संवाद नसतात. आख्यान ठरते, प्रवेशांचा क्रम सांगितला जातो आणि नट रात्रभर आपल्या बुद्धीने बोलतात. हे शक्य होते, कारण पात्रांचे पूर्ववृत्त पुराणांनी आधीच सर्वांच्या स्वाधीन केलेले असते. समोरच्या नटाने जुन्या वराचा नुसता उल्लेख केला तरी दुसऱ्याला तो झेलता येतो, आणि प्रेक्षकालाही तो उमगतो. भूमिकाखेळात हे सामाईक भांडवल नसते. तेथे प्रत्येकाने आपले पुराण स्वतः लिहावयाचे असते आणि ते इतरांना झेलता येईल अशा बेताचे ठेवावयाचे असते. म्हणून तेथील पूर्ववृत्त ही स्वतंत्र वाङ्मयकृती नव्हे. ते सहकाऱ्यांना दिलेले आमंत्रण आहे.

ह्याचे एक उदाहरण कल्पून पाहता येईल. शाहजहानाबादच्या धर्तीवर उभ्या केलेल्या एखाद्या नगरात पात्र आहे दरबारातील लेखनिकाचे. ‘त्याने खोटी मोहोर केली, पकडला गेला, शिक्षा भोगून सुटला आणि आता साहसाच्या शोधात आहे’, हे झाले वृत्त. त्याऐवजी असे लिहावे : त्याने खोटी मोहोर केली, शिक्षा मात्र त्याच्या गुरुबंधूला झाली, तो गुरुबंधू अजून जिवंत आहे, आणि मोहोर करावयास सांगणारा कोण, हे लेखनिकाला ठाऊक नाही. चार वाक्यांत एक ऋण, एक जिवंत माणूस आणि एक रिकामी जागा निर्माण झाली. त्या रिकाम्या जागेत कोणाला बसवावयाचे, हे सूत्रधार ठरवील. कदाचित दुसऱ्या खेळाडूच्या पात्राचा आश्रयदाताच तेथे येऊन बसेल. लेखकाने आपल्या निर्मितीचा काही भाग जाणूनबुजून दुसऱ्याच्या हाती सोडणे, ही येथील खरी कला आहे.

परंतु दुसऱ्याच्या हाती भूतकाळ देण्यात धोकाही आहे. तो मराठी नाटकाने ह्या खेळाच्या जन्मापूर्वीच दाखवून ठेवला. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये रंगभूमीवर आले. ओम शिवपुरी यांच्या ‘दिशांतर’ ह्या संस्थेने ‘खामोश! अदालत जारी है’ ह्या नावाने ते दिल्लीकर प्रेक्षकांसमोर मांडले. त्यातील हौशी नटमंडळी वेळ घालविण्यासाठी अभिरूप न्यायालयाचा खेळ मांडतात. लीला बेणारे आरोपी होते, तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो. आरंभी आरोपीचा भूतकाळ काल्पनिक असतो. पाहता पाहता साक्षीदार बेणारेच्या खऱ्या आयुष्यातील गोष्टी त्यात ओतू लागतात, आणि भूमिकेचे पूर्ववृत्त व व्यक्तीचे जीवन यांतील सीमारेषा पुसली जाते. ‘हा खेळच आहे’ हे वाक्य तेव्हा संरक्षण राहत नाही, ते हत्यार होते. तिला आपल्या भूतकाळाविषयी बोलता येते ते सर्वांनी तो वाटून घेतल्यानंतर.

भूमिकाखेळाच्या मेजाभोवतीही हा प्रसंग ओढवू शकतो. खेळाडू पात्राला आपले काही देतोच. न दिल्यास पात्र निर्जीव राहते. पण जे दिले त्याला हात लावण्याचा अधिकार कोणाला आणि कोठवर, हे आधी स्पष्ट व्हावयास हवे. म्हणून जाणते सूत्रधार खेळापूर्वी सर्वांशी बोलून वर्ज्य विषय ठरवून घेतात. ही केवळ सौजन्याची बाब नाही. जो भूतकाळ खेळाडूने उघडा ठेवला आहे तोच खेळाचा. जो त्याने मिटून ठेवला आहे तो त्या माणसाचा. कर्णाचे शाप कवीने कर्णाला दिले होते. बेणारेचा भूतकाळ तिच्याकडून घेतला गेला. दोहोंतील अंतर ओळखणे, ही पूर्ववृत्त रचणाऱ्याची आणि ते वापरणाऱ्याची पहिली जबाबदारी होय.

लेखक एकट्याने लिहितो, म्हणून त्याला ही जबाबदारी सहसा जाणवत नाही. त्याची पात्रे तक्रार करीत नाहीत. ह्या खेळात मात्र पात्राच्या खुर्चीत जिवंत माणूस बसलेला असतो. पूर्ववृत्त किती लिहावे, ह्या प्रश्नाचे उत्तर पानांत देता येणार नाही. पात्राला पुढे ओढील एवढे लिहावे, इतरांना धरता येईल असे टोक मोकळे सोडावे, आणि माणसाला दुखवील ते त्याच्या संमतीवाचून उलगडू नये.