‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणजे नेमकं काय होतं?

(पॉडकास्टच्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, नोकरी बदलायची का हाही विषय नाही. आज वारं.

आमच्या कोल्हापूरकडं कुणाला पॅरालिसिस झाला की ‘अंगावरनं वारं गेलं’ म्हणतात. आमच्या आण्णांच्या उजव्या अंगावरनं वारं गेलं त्याला आता अडीच महिने झाले. मी हिंजवडीत नोकरी करतो, सध्या बारा दिवस गावाकडं आलोय, शिरोळ तालुक्यात. लॅपटॉप सोप्यात, समोर गोठा. स्टँडअप कॉल चालू असताना मागनं म्हैस हंबरली की टीममधली मंडळी आधी तिची चौकशी करतात, मग टास्कची.

मी डॉक्टर नाही, बीटेक आहे. पण डॉक्टरांना, फिजिओला, नर्सताईंना विचारून विचारून जे कळलं ते आज सांगणार आहे. कारण ऐकणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे आईवडील गावाकडं एकटे आहेत आणि रोज बीपीची गोळी घेतात. किंवा घ्यायला पाहिजे तरी घेत नाहीत.

आधी त्या शब्दाकडं बघू. ‘वारं’ म्हटलं की माणूस वाऱ्यावर इलाज करतो. पेशंटला घोंगडं पांघरतात, पंखा बंद करतात, तेल चोळतात. आण्णांना बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी तिघांनी तरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. एकानं तर कबुतर कुठं मिळतंय तेही सांगितलं. माया असते हो त्यात, पण हाताला काहीही चोळलं तरी उपयोग नसतो, कारण बिघाड हातात नसतोच. हात चांगला असतो. त्याला हुकूम देणारी मेंदूतली जागा रक्ताविना बंद पडलेली असते. मोटर ठणठणीत आहे पण स्टार्टर जळालाय, असं समजा. मोटरीला कितीही ग्रीस लावलं तरी पाणी येणार नाही.

ही जागा दोन प्रकारे बंद पडते. एक, रक्ताची गुठळी नळीत अडकते. साधारण 85 टक्के स्ट्रोक असे असतात. दोन, नळी फुटते आणि मेंदूत रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात: तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली. आणि इलाज मात्र एकदम उलटे! गुठळी विरघळवायचं औषध रक्तस्रावाच्या पेशंटला दिलं तर जीव जाईल. म्हणून आधी सीटी स्कॅन. आणि म्हणूनच घरात कुणाच्या तरी पाकिटात असलेली ॲस्पिरिन ‘हार्टवाल्यांना देतात की’ म्हणून तोंडात टाकायची नाही. पाणीही पाजायचं नाही, गिळता येतंय का ते अजून माहीत नसतं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर तितकं बरं, कारण मोठी नळी बंद पडली तर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. आता यातली खाचखोच ऐका, कारण आमच्या घरात सगळं इथंच अडलं. घड्याळ सुरू होतं ते पेशंट शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. तो कधी सापडला याला महत्त्व नाही.

शेतीपंपाची थ्री फेज लाईट आलटून पालटून येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता. आण्णा साडेअकराला आईला सांगून उसाला पाणी पाजायला गेले. सकाळी सहाच्या सुमाराला शेजारच्या वाटेकऱ्याला ते मोटरीच्या खोलीजवळ पडलेले दिसले. शुद्धीवर होते, बोलता येत नव्हतं. दवाखान्यात पोचून स्कॅन होईपर्यंत साडेआठ. वारं बाराला गेलं की पाचला, हे सांगणारं कुणी नाही. मग हिशेब साडेअकरापासूनच धरायचा, म्हणजे नऊ तास. इंजेक्शनची वेळ संपलेली. काही निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतसुद्धा बारीक नळी घालून गुठळी ओढून काढतात, पण त्यासाठी मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी असावी लागते आणि वाचवण्याजोगा भाग शिल्लक असल्याचं स्कॅनमध्ये दिसावं लागतं. आण्णांची गुठळी त्यातली नव्हती.

त्यामुळं पहिली सूचना: तोंड एका बाजूला ओघळलं, एक हात वर धरता येईना, जीभ जड झाली, यातलं एकही अचानक झालं तर घड्याळात बघा, वेळ लिहून ठेवा आणि 108 ला फोन लावा. सीटी स्कॅन आणि स्ट्रोकचा इलाज आहे अशाच ठिकाणी न्या. स्कॅन नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून बसलात की साडेचार तास तिथंच जातात. आपल्या गावापासून असा दवाखाना कुठला, हे आज, पेशंट नसताना शोधून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुठली हॉस्पिटलं येतात तेही त्याच वेळी बघा, म्हणजे रेशनकार्ड आणि आधार कुठल्या पिशवीत आहे हे शोधत बसायला लागत नाही.

आता घरी आणल्यानंतरचं. याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, आणि खरं काम इथंच आहे.

पडून राहणाऱ्या माणसाला पहिला धोका अंगाखालच्या जखमांचा. माकडहाड, टाचा, खुबे, जिथं हाड कातडीच्या जवळ असतं तिथं दाबामुळं रक्त पोचत नाही आणि कातडी सडायला लागते. उपाय एकच, दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीही. डावी कूस, पाठ, उजवी कूस. आमच्या भाषेत हा क्रॉन जॉब आहे, फक्त सर्व्हर म्हणजे माझी आई आहे आणि तिला डाऊनटाइम नाही. भाड्यानं हवेची गादी आणली, तिचा पंप विजेवर चालतो आणि गावात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणजे गादी आली तरी कूस बदलायची सुट्टी नाही.

दुसरा धोका गिळण्याचा. घशाचे स्नायूही ढिले पडलेले असतात. पातळ पदार्थ पटकन घसरतो आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो, त्यातनं न्यूमोनिया होतो. आपल्याला वाटतं आजारी माणसाला पातळ बरं, पण इथं पाणी आणि चहा हेच सगळ्यात अवघड! आमच्याकडं नाचणीची दाट आंबील, ज्वारीच्या कण्या, गुरगुट्या भात असं चालू आहे. ताठ बसवायचं, हनुवटी थोडी खाली, चमचा छोटा, एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना ठसका लागला किंवा आवाज ओला, घरघरता झाला तर थांबायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

तिसरं, खांदा. लुळ्या हाताला धरून पेशंटला उठवायला सगळ्यांचेच हात पुढं येतात. करू नका. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरून ठेवलेला असतो, ते स्नायूच झोपलेत, ओढलं की सांधा निसटतो. काखेत हात घालूनही उचलायचं नाही. कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि तो धरून उभं करायचं. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला ठेवायची. आईची कंबर पहिल्या महिन्यात गेली ती यातच. फिजिओनं ही पट्ट्याची पद्धत दाखवली, तेव्हापासून ती एकटी आण्णांना कमोडच्या खुर्चीवर बसवते.

फिजिओचा मुद्दा असा की मेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण शेजारच्या पेशी ते काम शिकू शकतात. पाटाचं पाणी एका बाजूनं तुंबलं की दुसरी सरी फोडून न्यायची तसं. पण ती सरी रोज वापरली तरच टिकते. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते, नंतरही होते पण हळू. त्यामुळं ‘जरा ताकद येऊ दे, मग व्यायाम करू’ हे उलटं आहे. आण्णांचा पाय आता आधारानं टेकतो. हात अजून नाही.

आणि बोलणं. आण्णांचा मेंदूचा डावा भाग गेलाय, बहुतेकांची भाषा तिथंच असते. त्यांना ऐकलेलं बरंचसं कळतं, काय म्हणायचंय तेही माहीत असतं, शब्द सापडत नाही. याला अफेजिया म्हणतात. लोक अशा माणसाशी मोठ्यानं बोलतात, नाहीतर त्याच्यासमोरच त्याच्याबद्दल बोलतात, जणू तो खुळा झालाय. बुद्धी जागेवर असते, हे मला प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं. गंमत म्हणजे पाठ झालेलं, सवयीचं बोलणं यात कधी कधी शाबूत राहतं: अंक, देवाचं नाव, गाणं आणि शिव्या. आण्णांना माझं नाव आठवून म्हणता येत नाही, पण परवा कुत्र्यानं चपला पळवल्या तेव्हा आमच्या कोल्हापूरची एक अस्सल शिवी अशी खणखणीत बाहेर पडली की आई हसता हसता रडायला लागली.

‘हो’ आणि ‘नाही’ची पण उलटापालट होते. म्हणून मी मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवलेत: पाणी, कमोडची खुर्ची, दुखतंय, पंखा, रेडिओ. एकेक दाखवायचा, त्यांनी डावं बोट ठेवायचं. पहिल्या दिवशी त्यांनी सगळे फोटो सरकवले आणि चुकून राहिलेल्या एका फोटोवर बोट ठेवलं. ओढ्याकडच्या उसाचा फोटो होता. तोड आली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. अडीच महिने घरात हा विषय कुणी काढला नव्हता, आजारी माणसाला कशाला ताप म्हणून. त्याच संध्याकाळी मी चिटबॉयला गाठलं आणि आण्णांच्या खाटेजवळ बसवून बोलायला लावलं. उत्तर त्यांना द्यायचं.

ऊस म्हटला की बिल आलं. कारखान्यानं ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावेत असा 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, ते जमा होतात आण्णांच्या खात्यावर. आणि सही करणारा उजवा हात लुळा. घाबरून लगेच जमिनी नावावर करून घेणारी घरं मी पाहिलीत, त्याची गरज नाही. आजारी खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत: सही जमत नसेल तर अंगठा, हाताचा नाहीतर पायाचासुद्धा, दोन साक्षीदारांसमोर, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. एवढ्यावर पैसे काढता येतात. शाखेत जाऊन आधी बोलून ठेवा. लुळेपणा कायम राहिला तर पुढं दिव्यांग प्रमाणपत्र काढता येतं, 40 टक्क्यांपासून बऱ्याच सवलती लागू होतात.

राहिली बीपीची गोळी. ज्याला एकदा वारं जातं त्याला पुन्हा जाण्याचा धोका मोठा असतो, आणि त्यातलं आपल्या हातातलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे रक्तदाब. बीपी ‘नॉर्मल आलं’ म्हणून गोळी बंद करायची नाही, नॉर्मल आलंय ते गोळीमुळं. मशीन दंडाला लावायचं, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, आणि चांगल्या हातावर मोजायचं. दिवसाला मीठ पाच ग्रॅम म्हणजे सपाट एक चमचा, सगळं मिळून. आमच्यासारख्या खर्डा, पापड आणि लोणच्याच्या घरात हा चमचा सकाळीच संपतो. आण्णांची तंबाखू दवाखान्यात सुटली ती सुटलीच, तेवढं एक बरं झालं.

मोटरीला आता मोबाईल स्टार्टर बसवलाय. आत सिमकार्ड असतं, फोन केला की मोटर चालू, पुन्हा केला की बंद. मी हे हिंजवडीतनंपण करू शकतो. कूस मात्र तिथनं बदलता येत नाही. रविवारी रात्रीची गाडी आहे माझी. दुपारच्या दोन पाळ्या चुलतवहिनी घेणार आहे, रात्रीसाठी गावातल्या एका पोराला पगारावर ठरवलंय, तो परवापासनं पट्ट्याची पद्धत शिकतोय. ‘मी करतो की सगळं, कशाला पैसे घालवतोस,’ असं आई अजून म्हणतेच आहे. तिचं बीपी काल मी मोजलं, 160 आलं. उद्या सकाळी तिला घेऊन दवाखान्यात जायचंय.