वर्गातील लॅपटॉप

व्याख्यान चालू असता विद्यार्थ्याने टिपणे कशी घ्यावीत, हा प्रश्न जुनाच आहे. मांडीवर किंवा बाकावर ठेवून वापरावयाचा संगणक, म्हणजे लॅपटॉप, वर्गात आल्यापासून त्याला नवे वळण लागले. याविषयी मते पुष्कळ ऐकू येतात. प्रयोगांकडे मात्र क्वचितच पाहिले जाते.

२०१४ साली पॅम म्यूलर व डॅनियल ओपनहायमर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांस वहीत, तर काहींस लॅपटॉपवर टिपणे घ्यावयास लावले. लॅपटॉपवाल्यांनी शब्द अधिक लिहिले. परंतु ते बहुतांशी वक्त्याचेच होते. तपशिलाच्या प्रश्नांत दोघेही सारखेच ठरले. संकल्पना कितपत उमगली हे पाहिले, तेव्हा वहीवाले सरस निघाले. याचे कारण असे सुचविण्यात आले, की हात मंद चालत असल्याने ऐकणाऱ्यास काय घ्यावे व काय सोडावे हे ठरवावे लागते, आणि या निवडीतच विषय पचतो. पुढे २०२१ साली हीदर अरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला. शब्दशः उतरवून घेण्याची सवय त्यांनाही आढळली, परंतु गुणांतील फरक आढळला नाही. तेव्हा पहिल्या निष्कर्षावर फार भार टाकणे उचित नव्हे. शिवाय हे प्रयोग इंग्रजीतील आहेत. 'राष्ट्र' या एका शब्दासाठी कळफलकावर सहासात कळा दाबणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची बोटे वक्त्याबरोबर धावतीलच, असे प्रस्तुत लेखकास तरी स्वानुभवावरून वाटत नाही.

याहून गंभीर बाब शेजाऱ्याची आहे. कॅनडात फारिया साना, टीना वेस्टन व निकोलस सेपेडा यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थी कागदावरच टिपणे घेत होते. त्यांपैकी काहींच्या दृष्टीसमोर इतरांचे लॅपटॉप होते, व त्यांच्या पडद्यांवर व्याख्यानाशी संबंध नसलेली पृष्ठे उघडली जात होती. नंतरच्या चाचणीत अशा विद्यार्थ्यांना सरासरी ५६ टक्के गुण पडले. ज्यांच्यासमोर तसे पडदे नव्हते त्यांना ७३ टक्के. स्वतः लॅपटॉपला हातही न लावलेल्याची ही हानी होय! ज्याने तो उघडला, त्याच्या पसंतीचा प्रश्न म्हणून ती सोडून देता येत नाही.

वेस्ट पॉइंट येथील अमेरिकन लष्करी अकादमीत २०१४-१५ व २०१५-१६ या दोन वर्षांत अर्थशास्त्राच्या तुकड्यांवर प्रयोग झाला. काही तुकड्यांत संगणकास पूर्ण मुभा, काहींत टॅब्लेट बाकावर आडवा ठेवण्यापुरतीच, तर उरलेल्यांत बंदी होती. मुभा असलेल्या दोन्ही प्रकारच्या तुकड्यांचे परीक्षेतील गुण बंदी असलेल्या तुकड्यांहून कमी भरले.

मग सरसकट बंदी का घालू नये? दृष्टिहीन विद्यार्थी पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने शिकतो; ज्याच्या हातास लेखणी धरवत नाही, त्यालाही कळफलकच आधार असतो. इतरांना बंदी करून केवळ यांनाच सवलत दिली, तर वर्गात एकट्याच्याच बाकावर लॅपटॉप उघडा दिसतो, आणि जे व्यंग त्याने कोणास सांगितलेही नसेल ते सर्वांस कळते. म्हणून काही अध्यापक लॅपटॉपसाठी मागील वा कडेच्या रांगा राखून ठेवतात, व तेथे कोणासही कारण न विचारता बसू देतात.