ह्लूद आणि श्रुत : 'लुई' या नावाचे कूळ

लुई पाश्चर, लुडविग फान बेटोफन, हंगेरीच्या १८४८ च्या क्रांतीचा नेता लायोश कोशुत आणि गोव्याचे पत्रकार लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे चौघे चार भाषांचे आणि चार देशांचे असले, तरी त्यांची नावे मुळात एकच आहेत. कानाला ती एकमेकांच्या जवळचीही वाटत नाहीत, आणि मराठी वाचकाला तर ती वेगवेगळ्या पुस्तकांतून, वेगवेगळ्या लेखनरूपांत भेटत असल्याने त्यांचा परस्परसंबंध सहसा लक्षात येत नाही. या नावाचा उगम ऱ्हाइन नदीच्या खालच्या खोऱ्यात राहणाऱ्या फ्रँक नावाच्या जर्मानिक टोळ्यांच्या बोलीत आहे. 'जर्मानिक' हा शब्द येथे आजच्या जर्मनी या देशाला उद्देशून नसून जर्मन, डच, इंग्रजी आणि स्कँडिनेव्हियातील भाषा ज्या एका प्राचीन भाषेतून निघाल्या तिच्या परिवाराला उद्देशून आहे.

प्राचीन जर्मानिक समाजात नाव बहुधा दोन शब्दांचा समास करून ठेवले जाई आणि त्यासाठी कीर्ती, युद्ध, सेना, भाला, संपत्ती, संरक्षण अशा अर्थांचे शब्द निवडले जात. फ्रँकांच्या बोलीत साधारणपणे 'ह्लोडोविग' असे उच्चारले जाणारे हे नावही असाच एक समास आहे. त्याच्या उत्तरपदाचा, म्हणजे 'विग' या शब्दाचा, अर्थ युद्ध किंवा योद्धा असा असून पूर्वपदाचा अर्थ 'ज्याच्याविषयी ऐकले जाते तो', म्हणजेच विख्यात, असा आहे. इंग्रजीतील 'लाउड' आणि जर्मनमधील 'लाउट' हे मोठ्या आवाजाचे वाचक शब्द याच मुळाचे आहेत. 'ऐकू येणारा' या अर्थावरून एका बाजूला 'मोठ्याने वाजणारा' आणि दुसऱ्या बाजूला 'कीर्तिमान' असे दोन अर्थ फुटले.

या पूर्वपदाचे नाते थेट संस्कृतशी पोहोचते, आणि या नावाच्या इतिहासातील सर्वांत विलोभनीय भाग तोच आहे. याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताने १८२२ मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमानुसार मूळ भारोपीय भाषेतील 'क' वर्गाचा ध्वनी जर्मानिक शाखेत 'ह' झाला, तर संस्कृतात त्याच्याच तालव्य प्रकाराचा 'श' झाला. संस्कृत 'शत' आणि इंग्रजी 'हंड्रेड', संस्कृत 'श्वन्' म्हणजे कुत्रा आणि जर्मन 'हुंड' या जोड्या त्याची साक्ष देतात. मूळच्या 'ल'काराच्या जागी संस्कृतात अनेकदा 'र'कार येतो, हेही ध्यानात घेतले की जर्मानिक 'ह्लूद' आणि संस्कृत 'श्रुत' हे, जर्मानिकमध्ये दीर्घ झालेला स्वर वगळता, एकाच शब्दाचे दोन अवतार ठरतात. ग्रीकमध्ये याच धातूपासून 'क्लेओस' म्हणजे कीर्ती हा शब्द बनला आणि तो पेरिक्लीस, सोफोक्लीस व क्लिओपात्रा या नावांत जाऊन बसला. स्लाव्ह भाषांत 'स्लावा' हा त्याचा भाऊबंद मिरोस्लाव्हसारख्या नावांच्या शेवटी येतो. आणि महाभारतातील भूरिश्रवा, म्हणजे ज्याची कीर्ती विपुल आहे असा, हाही त्याच गोतावळ्यातला. समासाने नाव घडवण्याची आणि त्या समासात कीर्तीला स्थान देण्याची रीतच या सर्व भाषांना समान वारशाने मिळाली होती. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे जनमेजयाचा भाऊ श्रुतसेन. ज्याची सेना विख्यात आहे तो श्रुतसेन. आणि फ्रँक राजांमध्ये वारंवार येणाऱ्या 'लोथार' या नावाचा अर्थही अगदी तोच आहे, त्याचे पूर्वपद 'ह्लूद' आणि उत्तरपद सेना या अर्थाचे. गंगेच्या आणि ऱ्हाइनच्या खोऱ्यांतील राजकुळांनी एकमेकांचे नावही न ऐकता आपल्या मुलांना एकाच घडणीची आणि एकाच अर्थाची नावे दिली, इतका हा वारसा चिवट होता.

लिखित इतिहासात हे नाव ठळकपणे येते ते इ.स. ४८१ ते ५११ या काळात राज्य केलेल्या फ्रँक राजामुळे. त्याने गॉल प्रांताचा, म्हणजे आजच्या फ्रान्सचा, मोठा भाग जिंकला आणि रेंस येथे कॅथलिक पंथाचा बाप्तिस्मा घेतला. फ्रँकांच्या 'ह' या ध्वनीत घशातील घर्षण इतके तीव्र होते की लॅटिन लेखकांना आपला दुबळा 'ह' त्यासाठी अपुरा वाटला आणि त्यांनी तो 'ख'सारख्या जोडाक्षराने लिहिला. म्हणून सहाव्या शतकातील इतिहासकार तूरचा ग्रेगरी याच्या ग्रंथात हे नाव 'ख्लोडोवेखुस' असे आढळते, आणि त्याच लेखनपरंपरेतून पुढे 'क्लोव्हिस' हे आजचे फ्रेंच रूप आले.

नावे आपोआप पसरत नाहीत. त्यांना सत्तेचा, श्रद्धेचा किंवा लेखणीचा आधार लागतो. क्लोव्हिसच्या मेरोव्हिंजियन घराण्याला ७५१ मध्ये पदच्युत करून नवे घराणे गादीवर आले, तेव्हा त्याच्यापुढे आपल्या सत्तेची वैधता सिद्ध करण्याचा प्रश्न होता. त्याच घराण्यातील शार्लमेनला ७७८ मध्ये जुळे मुलगे झाले आणि त्याने त्यांना आपल्या कुळात पूर्वी न चाललेली, पण उलथवून टाकलेल्या राजवंशात मानाची असलेली दोन नावे दिली : लोथार आणि लुई. लोथार अल्पवयात वारला. लुई मात्र सम्राट झाला. या नावाच्या प्रसाराचे सर्वांत मोठे श्रेय पराभूत घराण्याचा मोठेपणा नावाच्या रूपाने आत्मसात करण्याच्या या निर्णयाला द्यावे लागेल, कारण तो झाला नसता तर क्लोव्हिसबरोबरच हे नाव मागे पडले असते. या लुईच्या नाण्यांवर त्याचे नाव 'ह्लूडोविकुस' असे कोरलेले आहे, म्हणजे आरंभीचा 'ह' निदान अक्षरांत तरी अजून टिकून होता.

त्याच्या मृत्यूनंतर मुलांमध्ये राज्यासाठी कलह झाला आणि १४ फेब्रुवारी ८४२ रोजी स्ट्रासबुर्ग येथे लुई व शार्ल या दोन भावांनी थोरल्या लोथारविरुद्ध एकमेकांना साथ देण्याच्या शपथा घेतल्या. शपथ दुसऱ्याच्या सैन्याला कळावी म्हणून जर्मन भाषक सैन्याच्या लुईने ती लॅटिनमधून उतरलेल्या लोकभाषेत घेतली, तर शार्लने जर्मनमध्ये. निठार्ड या समकालीन इतिहासकाराने ही दोन्ही वचने जशीच्या तशी नोंदवून ठेवली असल्यामुळे फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना उपलब्ध मजकूर म्हणून त्यांतील एकाला मान मिळाला आहे. त्याने दोन्ही भाषांत नोंदवलेल्या शपथांच्या मजकुरात लुईचे नाव येते आणि आरंभीचा 'ह' दोन्हींतून गेलेला दिसतो. फ्रेंच मजकुरात 'द'च्या जागी 'ध'सारखे लिहिलेले, जिभेच्या टोकाशी घासून निघणारे शिथिल व्यंजन येते, आणि ते पुढे नाहीसे व्हायच्या वाटेवर असल्याचे स्पष्ट कळते.

पुढे काय झाले हे मराठी वाचकाला समजायला मुळीच कठीण नाही, कारण नेमकी अशीच प्रक्रिया संस्कृतापासून प्राकृतमार्गे मराठी घडताना झालेली आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले व्यंजन ढिले पडून गळून जाते. 'पाद'चा 'पाय' आणि 'राजा'चा 'राय' त्यामुळेच झाला. फ्रेंचमध्ये लॅटिन 'व्हीता' म्हणजे जीवन याचे 'व्ही' झाले, तसेच लुडोविकुसमधील 'द' लोपला, पुढचा 'व'ही टिकला नाही, आणि 'लोओईस'सारख्या मधल्या रूपातून 'लुई' उरले. शेवटचा 'स' लेखनात राहिला, पण उच्चारातून गेला. लॅटिन ही चर्चची आणि दप्तरांची भाषा असल्याने लुडोविकुस हे पूर्ण रूपही कागदोपत्री जिवंत राहिले आणि त्यातून फ्रेंच 'ल्युडोव्हिक', इटालियन 'लुडोविको' अशी नावे निघाली. व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर लुडोविको हे तत्सम आणि लुईजी हे तद्भव; इटालियनमध्ये दोन्ही आजही शेजारी शेजारी नांदतात.

फ्रान्सच्या गादीवरील लुईंची गणना अठरापर्यंत जाते. ती शार्लमेनच्या मुलापासून सुरू होत असल्याने, नाव एकच असूनही, क्लोव्हिसला तिच्यात स्थान नाही. आणि सतरावा लुई हा प्रत्यक्ष राज्य न करता बालवयातच मरण पावला. त्यांतील नववा लुई १२७० मध्ये धर्मयुद्धाच्या मोहिमेवर असताना ट्यूनिस येथे वारला आणि १२९७ मध्ये चर्चने त्याला संतपद दिले. राजाचे नाव संताचे झाले की ते राजवाड्याबाहेरच्या सामान्य घरांनाही खुले होते, आणि त्याच्या पुतण्याचा मुलगा, तुलूझचा बिशप लुई, यालाही १३१७ मध्ये संतपद मिळाल्याने या नावाला दुहेरी पुण्य लाभले. या बिशपच्या कुळाकडे हंगेरीची गादी गेली आणि १३४२ मध्ये तेथे लुई राजा झाला. हंगेरियन भाषेत तोच लायोश. अमेरिकेतील सेंट लुई हे शहर नवव्या लुईच्या नावाचे, तर लुइझियाना हा प्रदेश चौदाव्या लुईच्या नावाचा. रशियन लोक आजही फ्रेंच राजांना लॅटिन वळणाने 'ल्युडोविक' म्हणतात आणि पाश्चरला मात्र 'लुई', त्यामुळे तेथे एकाच नावाच्या राजाची आणि प्रजाजनाची नावे वेगळी होऊन बसली आहेत.

त्या काळी नाव ही भाषेगणिक बदलायची वस्तू होती, याचे उत्तम उदाहरण बेटोफनच आहे. त्याचे आजोबा आजच्या बेल्जियममधले असल्याने जन्मतः लोडेवेक होते आणि बॉनला आल्यावर लुडविग झाले; नातवाच्या बाप्तिस्म्याची १७ डिसेंबर १७७० ची नोंद लॅटिनमध्ये 'लुडोविकुस' अशी आहे; आणि १७८२ मध्ये छापलेल्या त्याच्या पहिल्या रचनेवर फ्रेंच रीतीप्रमाणे 'लुई' असे नाव आहे. इंग्लंडमध्ये चार्ल्स लटविज डॉज्सन या गणितज्ञाने १८५६ मध्ये टोपणनाव घडवताना हीच वाट उलटसुलट चालून पाहिली : लटविज हे लुडविगचेच रूप मानून त्याने त्याचे लॅटिन केले आणि त्यावरून इंग्रजी 'लुइस' घेतले, चार्ल्सच्या लॅटिन रूपावरून 'कॅरल' घेतले, आणि दोन्हींचा क्रम बदलून तो लुइस कॅरल झाला. वेल्समधील असंख्य लुइस आडनावांचा मात्र या कुळाशी रक्तसंबंध नाही, कारण 'लुवेलिन' या वेल्श नावाला इंग्रजी वेष चढवताना ते रूप जवळचे म्हणून वापरले गेले. नावांच्या व्युत्पत्तीत केवळ उच्चारसाम्यावर विसंबणे किती धोक्याचे असते, हे यावरून दिसते.

भारतात हे नाव दोन वाटांनी आले. इंग्रजी अमलाचे शेवटचे व्हाइसरॉय लुई माउंटबॅटन हे बॅटनबर्ग या जर्मन कुळातले. त्यांचे वडील मूळचे लुडविग, आणि पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेष शिगेला पोहोचल्यावर १९१७ मध्ये त्या कुळाने आडनावाचेही इंग्रजी भाषांतर करून घेतले. दुसरी वाट पोर्तुगीजांची आणि बरीच जुनी. आदिलशहाने १५७० मध्ये गोव्याला वेढा घातला तेव्हा तेथे लुईस द अताईद हा व्हाइसरॉय होता. गोव्यातील फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोन्साल्विस ही आडनावेही जर्मानिक मुळाचीच असली, तरी ती इबेरियात राज्य केलेल्या गॉथ टोळ्यांच्या वारशातून आलेली, 'अमुकाचा मुलगा' या अर्थाची रूपे आहेत. लुईसपासून तसे आडनाव रूढ झाले नाही, आणि हे नाव पोर्तुगालमध्ये उशिरा, फ्रान्सच्या राजांच्या व संतांच्या प्रभावाने, रुजल्याचे त्यावरून सूचित होते. मंगळूरच्या १८८० मध्ये स्थापन झालेल्या सेंट अलॉयशियस महाविद्यालयाचे नावही याच कुळातले : अलॉयशियस हे दक्षिण फ्रान्समधील 'अलॉइस' या रूपाचे लॅटिनीकरण मानले जाते, आणि ज्या जेझुइट संताचे ते नाव आहे त्याला त्याच्या मायदेशी, इटलीत, लुईजी गोन्झागा म्हणून ओळखले जाते.

याच पोर्तुगीज वाटेने हे नाव ज्यांच्यापर्यंत आले त्या, आरंभी उल्लेखलेल्या लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी १९०० मध्ये 'ओ हेराल्दो' हे दैनिक सुरू करण्यात भाग घेतला आणि पुढे पोर्तुगालमधील सालाझारच्या हुकूमशाहीच्या काळात गोमंतकीयांच्या राजकीय हक्कांसाठी उघडपणे आवाज उठवला. गोवा मुक्त झाल्यानंतर पणजीतील 'वास्को द गामा' यांच्या नावाच्या जुन्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.