हातातला खेळ, भिंतीवरचा खेळ

मिरजगावात नगर-सोलापूर रस्त्यालगत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीत अमेरिकेहून आलेल्या पुतण्यानं माझ्या काउंटरवर निन्टेन्डो स्विच २ ठेवला. "काका, बघा तरी!" म्हणाला.

५ जून २०२५ला बाजारात आलेलं हे व्हिडिओ गेमचं यंत्र. पडदा ७.९ इंचांचा, २०१७च्या पहिल्या स्विचचा ६.२ इंचांचा होता. साठवण ३२ जीबीवरून थेट २५६ जीबीवर गेली. दोन्ही बाजूंचे कंट्रोलर आता लोहचुंबकानं बसतात. जवळ नेला की 'टक्' करून चिकटतो; मागची कळ दाबली की अलगद सुटतो. तोच कंट्रोलर काउंटरवर आडवा ठेवून सरकवला, तर माउससारखा चालतो. यंत्र डॉकमध्ये ठेवून टीव्हीला जोडलं, की ४केपर्यंतचं चित्र दिसतं.

माझं मन मात्र बॅटरीच्या सेटिंगवर बसलं. चार्जिंग ९० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय त्यात आहे. सतत शंभर टक्के भरलेली बॅटरी लवकर थकते, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. पण एका चार्जवर खेळानुसार साधारण दोन ते साडेसहा तासच मिळतात, हेही घेणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

लहानपणी जत्रेत घेतलेला विटांचा गेम पेन्सिल सेलवर चालायचा आणि घरातली सगळी पोरं त्याभोवती जमायची. परवा रात्री आमच्या भिंतीवरच्या टीव्हीसमोर आजीपासून नातवापर्यंत सगळे तसेच दाटीवाटीनं बसले होते. चांगल्या खेळाची खरी खूण मला तरी हीच वाटते.