एका चौकटीची बारा मिनिटे

संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी वैद्यकीय लेख मागितला असता मी संगणकीय चलच्चित्रांविषयी लिहीत आहे, हे विषयांतर वाटेल; परंतु या विषयाचे मूळ माझ्या दवाखान्यातच आहे.

औराद तालुक्यातील एका मधुमेही गृहस्थांना पायाची निगा कशी राखावी हे मी मराठीत आणि कानडीतही समजावले होते. ते मान डोलावीत राहिले. पुढच्या खेपेस आले तेव्हा अंगठा काळा पडला होता व तो काढावा लागला. माझे बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. अरुंद होत जाणारी रोहिणी डोळ्यांना दाखवावी, या विचाराने मी ‘ब्लेंडर’ हे मोफत सॉफ्टवेअर शिकलो आणि तपासणी शिबिरासाठी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत रचली.

खरी परीक्षा त्यानंतर होती. सेकंदाला 25 याप्रमाणे अर्ध्या मिनिटास 750 चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीतील प्रकाश, सावल्या व परावर्तने संगणकाने गणिताने काढावयाची, यास रेंडरिंग म्हणतात. माझ्या यंत्रास एका चौकटीला बारा मिनिटे लागत. म्हणजे एकूण 150 तास, सव्वासहा दिवस! शिबिर चार दिवसांवर आलेले, आणि बीदरची वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.

विलंबाचे निदान केल्यावर पहिला दोष माझाच निघाला. हजारो रक्तपेशींची मी प्रत्येकी स्वतंत्र प्रत केली होती. त्यामुळे यंत्राची स्मृती भरून जाई आणि ते डिस्कवर चाचपडत बसे. एकच पेशी ठेवून बाकी सर्व ठिकाणी तिचा केवळ निर्देश करता येतो. याला ‘इन्स्टन्सिंग’ म्हणतात. एवढ्यानेच बारा मिनिटांची सात झाली. नंतर चित्राचे आकारमान 1920 × 1080 वरून 1280 × 720 केले. बिंदूंची संख्या निम्म्याहूनही कमी होते, आणि शिबिरातील पडद्यावर कोणास फरक कळत नाही. आता तीन मिनिटे.

यापुढचा भाग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रत्येक बिंदूसाठी संगणक अनेक प्रकाशकिरण यदृच्छेने सोडून सरासरी काढतो. किरण कमी सोडले तर चित्रावर दाणे उमटतात. पण दाणे निम्मे करावयाचे तर किरण दुप्पट नव्हे, चौपट लागतात. सीटी स्कॅनमध्ये किरणमात्रा चतुर्थांश केली असता दाणेदारपणा दुपटीने वाढतो, तो याच वर्गमुळाच्या नियमाने. म्हणून मी किरण 1024 वरून 256 वर आणले आणि उरलेले दाणे पुसण्याचे काम ‘डीनॉइझर’कडे सोपवले. 2019 पासून ब्लेंडरमध्ये इंटेलचा असा डीनॉइझर आहे. मात्र त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. तो अंदाजाने चित्र गुळगुळीत करतो, बारीक कडा खाऊन टाकतो, आणि प्रत्येक चौकटीचा अंदाज वेगळा आल्यास चित्रफीत लुकलुकते. माझ्या चित्रातील मेदाच्या थराची कड अशीच पुसली गेली होती; किरण आणखी कमी करण्याचा मोह तेथेच आवरला. प्रकाशाच्या परावर्तनांची मर्यादाही बारावरून चारवर आणली. तीस आणखी खाली नेल्यास पेशींच्या मधल्या फटी काळ्याकुट्ट दिसू लागतात.

अखेरीस एका चौकटीस 48 सेकंद लागले. 750 चौकटी दहा तासांत, म्हणजे एका रात्रीत आटोपल्या. एक पथ्य मात्र जरूर सांगतो: थेट चित्रफीत न बनवता प्रत्येक चौकट स्वतंत्र चित्र म्हणून साठवावी. त्या रात्री अडीच वाजता वीज गेलीच. आली तेव्हा जेथे काम थांबले होते त्याच चौकटीपासून पुढे सुरू केले.

शिबिरात चित्रफीत तीनदा दाखवली. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतील एक वृद्ध उठून पुढे आले. ‘‘डॉक्टरसाहेब, ही माझ्या पायातलीच नळी हाय का?’’ असे विचारून त्यांनी आपणहून चप्पल काढली व पाय पुढे केला. टाचेला भेग होती, आणि ती त्यांना जाणवतही नव्हती.